विन्सन ग्रीनचा तुरुंग: ठेका कंपनीचा, कैदी सरकारचे

बर्मिंगहॅम शहराच्या विन्सन ग्रीन भागातला तुरुंग ब्रिटिश सरकारने २०११ साली जीफोरएस या खासगी सुरक्षा कंपनीच्या हाती दिला आणि २०१९ साली परत घेतला. करार पंधरा वर्षांचा होता. तो आठ वर्षंही चालला नाही. खासगी तुरुंगांच्या विरोधात बोलणारे हे उदाहरण हमखास देतात, आणि त्यांनी ते द्यायलाच हवं. पण त्यातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते: कंपनीच्या या तुरुंगात सरकारची स्वतःची माणसं नेमलेली होती. कंपनीवर लक्ष ठेवणं एवढंच त्यांचं काम होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुरुंग कोसळला.

जुनी इमारत, नवा करार

हा तुरुंग १८४९ सालचा. ब्रिटनमध्ये अशा तुरुंगांना ‘लोकल’ तुरुंग म्हणतात. आसपासच्या न्यायालयांतून येणारे कैदी आधी इथे येतात. खटला अजून उभा राहायचा आहे असे कच्चे कैदी, नुकतीच शिक्षा झालेले, काही आठवड्यांची शिक्षा भोगून सुटणारे, दुसऱ्या तुरुंगात पाठवणी व्हायची वाट बघणारे, असे सगळे एकत्र. व्यसन अंगात असलेला माणूस रस्त्यावरून थेट इथे येतो आणि त्याची तडफड पहिल्या रात्रीपासून सुरू होते. मानसिक आजारी माणसंही पुष्कळ. शिक्षा झालेल्यांच्या तुरुंगात एक कैदी आणि एक रक्षक वर्षानुवर्षं समोरासमोर असतात, एकमेकांना ओळखतात. लोकल तुरुंगात ती ओळख व्हायच्या आधीच माणूस निघून जातो. म्हणून इथे सगळी मदार रक्षकांच्या अनुभवावर असते. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणती शांतता धोक्याची, हे कळायला त्या कोठड्यांपुढून अनेक वर्षं फिरावं लागतं.

इंग्लंडमध्ये खासगी तुरुंगांना वाट मोकळी झाली ती १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्याने. पहिला तुरुंग वोल्ड्स, १९९२ सालचा. त्यानंतर आणखी तुरुंग आले, पण खासगी कंपन्यांकडे जात होते ते मुख्यतः नवे तुरुंग. सरकार चालवत असलेला, कैदी आणि कर्मचारी आत असलेला तुरुंग खासगी कंपनीकडे जाण्याची पहिली वेळ बर्मिंगहॅमची. ३१ मार्च २०११ रोजी न्यायमंत्री केनेथ क्लार्क यांनी तशी घोषणा केली. त्याच फेरीत बकली हॉल हा तुरुंग सरकारी तुरुंगसेवेने स्पर्धेतून स्वतःकडे राखला, म्हणजे सरकारी बाजूही बोली लावणाऱ्यांत होती. तुरुंगरक्षकांच्या संघटनेने, पीओएने, बर्मिंगहॅमच्या निर्णयाला कडाडून विरोध केला. ऑक्टोबर २०११ मध्ये ताबा बदलला.

बर्मिंगहॅमचं पुढचं सगळं दुखणं या ताबाबदलात आहे असं मला वाटतं. तुरुंगाचा सर्वांत मोठा खर्च पगाराचा. कमी पैशात तुरुंग चालवून दाखवायचा तर माणसं कमी करायची, स्वस्तातली आणायची, किंवा कामाची मांडणी बदलून तेवढंच काम कमी जणांत करायचं. नव्या इमारतीत तिसरा मार्ग काही प्रमाणात चालतो: एका जागी उभं राहून सगळे मजले दिसतील अशी रचना करता येते. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत तो मार्ग जवळपास बंद असतो. मग उरतात पहिले दोन.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच काळात सरकार आपल्या तुरुंगांतही हेच करत होतं. २०१० ते २०१४ या वर्षांत इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी तुरुंगांतले प्रत्यक्ष पहाऱ्यावरचे रक्षक सुमारे पाव हिश्श्याने घटले. अनुभवी लोकांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं गेलं. तेवढ्यात ‘स्पाइस’ आणि ‘मांबा’ या नावांनी ओळखला जाणारा कृत्रिम गांजासदृश पदार्थ तुरुंगांत पसरला. स्वस्त, वासावरून पटकन न ओळखता येणारा, कागदावर फवारून पत्रातूनही आत आणता येणारा. रक्षक कमी व्हायला आणि हे नवं व्यसन यायला एकच गाठ पडली.

१६ डिसेंबर २०१६

त्या दिवशी सकाळी एका विंगमध्ये गडबड सुरू झाली आणि एका रक्षकाच्या किल्ल्या हिसकावल्या गेल्या. त्या किल्ल्यांनी दारं उघडत दंगल चार विंगमध्ये पसरली. पाचशेहून अधिक कैदी तिच्यात ओढले गेले. आटोक्यात आणायला बारा तासांहून अधिक वेळ गेला, आणि देशभरातल्या तुरुंगांतून खास प्रशिक्षित पथकं बोलवावी लागली. १९९० च्या मँचेस्टरमधल्या स्ट्रेंजवेज दंगलीनंतरची ही सर्वांत मोठी दंगल मानली गेली. नंतर सुमारे २४० कैदी इतर तुरुंगांत हलवले गेले, ते मुळातच भरलेले असताना.

दंगलीच्या काही आठवडे आधीच तुरुंगाच्या स्वतंत्र देखरेख मंडळाने मनुष्यबळ आणि साधनांच्या टंचाईबद्दल लेखी इशारा दिला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक तुरुंगाला असं मंडळ असतं. त्यात सामान्य नागरिक विनावेतन काम करतात, त्यांना तुरुंगात कुठेही जाता येतं आणि कोणत्याही कैद्याशी बोलता येतं. त्यांच्याकडे अधिकार काही नसतो, पण जे दिसतं ते ते लिहून ठेवतात. दंगलीची चौकशी सेरा पेन यांनी केली. त्यांचा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये लोकांसमोर आला, म्हणजे दंगलीनंतर वीस महिन्यांनी. सततच्या टंचाईने रक्षक थकून गेले होते आणि बराचसा वेळ कैदीच एकमेकांवर पहारा करत होते, असं चित्र त्यात आहे. आतल्या लोकांना हे दंगलीच्या कितीतरी आधीपासून माहीत असणार.

दंगलीनंतरचे अठरा महिने

दंगल अचानक उसळू शकते. सरकारी तुरुंगांतही उसळते. म्हणून मी बर्मिंगहॅमचा दोष दंगलीवरून ठरवत नाही, त्यानंतरच्या काळावरून ठरवतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तुरुंग निरीक्षणालयाने, म्हणजे तुरुंगांची पाहणी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने, पाहणी केली. दंगलीच्या धक्क्यातून कर्मचारी सावरताहेत, काही आशा आहे, असा तेव्हाचा सूर होता. पुढची पाहणी न कळवता झाली, ३० जुलै ते ९ ऑगस्ट २०१८ या दिवसांत. मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांनी १६ ऑगस्टला न्यायमंत्री डेव्हिड गॉक यांना पत्र लिहिलं. अशा पत्राला ‘अर्जंट नोटिफिकेशन’ म्हणतात, आणि मंत्र्याला अठ्ठावीस दिवसांत जाहीर उत्तर देणं भाग असतं. ही पद्धतही नवीच, नोव्हेंबर २०१७ पासूनची. त्याआधी निरीक्षक लिहीत आणि अहवाल कपाटात जात.

पत्रातलं वर्णन वाचवत नाही. फरशीवर रक्त आणि ओकारी तशीच पडलेली, उंदरांच्या लेंड्या, झुरळं. उघडपणे ओढले जाणारे अमली पदार्थ. निरीक्षकांनी ते दाखवून दिलं तर कर्मचाऱ्यांनी नुसते खांदे उडवले. धुराचा इतका त्रास की खुद्द क्लार्क यांना एका जागेतून बाहेर पडावं लागलं. स्वतःला कार्यालयात कोंडून घेतलेले रक्षक, काही चक्क झोपलेले. हिंसा करणाऱ्यांना जवळजवळ कसलीच भीती उरली नव्हती. जिवाच्या भीतीने कोठडीबाहेर न पडणारे कैदी होते, आणि दाराच्या फुटलेल्या झडपेतून इतर कैदी त्यांच्यावर थुंकत, लघवी फेकत. पाहणी चालू असताना कर्मचाऱ्यांच्या वाहनतळावरच्या गाड्या जाळल्या गेल्या, आणि तो वाहनतळ सुरक्षित समजला जात होता.

त्या झडपेमागे बसलेला माणूस मला विसरता येत नाही. लोकल तुरुंगातला तो माणूस कच्चा कैदीही असू शकतो, ज्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे. त्याला तिथे बसवलं न्यायालयाच्या हुकमाने. तुरुंग आवडला नाही म्हणून त्याला दुसरा निवडता येत नाही. बाजारात वाईट माल विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं आणि त्यातून सुधारणा होते, असं खासगीकरणाचे पुरस्कर्ते म्हणतात. इथे गिऱ्हाईक आहे सरकार आणि भोगणारा आहे कैदी. गिऱ्हाइकाला काही दुखत नाही.

क्लार्क यांनी या पत्रात विचारलेला प्रश्न कंपनीइतकाच सरकारलाही होता. दोन पाहण्यांमधल्या अठरा महिन्यांत तुरुंग इतका ढासळू कसा दिला गेला? करार राबवणारे आणि करारावर लक्ष ठेवणारे अशा दोघांनाही जडत्वाने ग्रासलं होतं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

‘कंट्रोलर’ला दिसत नव्हतं का?

ब्रिटिश कायद्याप्रमाणे खासगी तुरुंगात दोन पदं असतात. तुरुंग चालवणारा ‘डायरेक्टर’ कंपनीचा, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा ‘कंट्रोलर’ सरकारी नोकर. कंट्रोलरने करार पाळला जातोय का हे पाहायचं, मंत्रालयाला कळवायचं, गरजेनुसार दंड लावायची वाट मोकळी करायची. खासगीकरणाच्या बाजूने बोलणारे याच पदाकडे बोट दाखवतात: पाहा, सरकारी तुरुंगावर अशी रोजची नजर नसते, खासगीवर असते. कागदावर ते खरंही आहे.

मग चुकलं कुठे? मला दोन कारणं दिसतात.

एक, करार मोजता येणाऱ्या गोष्टींवर उभा असतो. पाळीला किती रक्षक हजर, किती झडत्या, अमली पदार्थांच्या किती चाचण्या, कामाचे आणि शिक्षणाचे किती तास. पण तुरुंग सुरक्षित राहतो तो रक्षक कोठड्यांपुढून फिरतो म्हणून, कैद्याला नावाने हाक मारतो म्हणून, कुणी दोन दिवस जेवायला बाहेर आला नाही हे त्याच्या लक्षात येतं म्हणून. हे करारात लिहिता येत नाही. दार लावून कार्यालयात बसलेला रक्षकही हजेरीपटावर हजरच असतो. एका मजल्यावर तीन माणसं नेमलेली आणि तिन्ही हजर, एवढं कागदावरून कळतं. तो मजला कुणाच्या ताब्यात आहे, हे कळायला आत जावं लागतं.

ही शंका काल्पनिक नाही. २०१३ साली उघडकीस आलं होतं की पायात इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधून घरी ठेवलेल्या लोकांवर नजर ठेवायच्या कंत्राटात जीफोरएस आणि सेर्को या दोन्ही कंपन्या पट्टी नसलेल्या लोकांचेही पैसे सरकारकडून घेत होत्या. त्यांत परत तुरुंगात गेलेले होते, मेलेलेही होते. जीफोरएसने २०१४ मध्ये सुमारे १०.९ कोटी पौंड परत करायचं मान्य केलं. बिलं पाठवणारी कंपनी होती, पण ती मंजूर करणारं खातं न्यायमंत्रालयाचं होतं. म्हणजे कंत्राटावर लक्ष ठेवण्याची आपली ताकद किती तोकडी आहे, हे मंत्रालयाला बर्मिंगहॅमच्या बरंच आधी कळलेलं होतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. समजा कंट्रोलरने लिहून दिलं, ‘कंपनीच्या हातून तुरुंग निसटला आहे.’ पुढे काय? सरकारला ताबा घ्यावा लागणार, अनुभवी रक्षक इतर तुरुंगांतून काढून इथे पाठवावे लागणार, आणि कैदी कमी करायचे तर दुसरीकडे जागा शोधावी लागणार. सगळे तुरुंग तुडुंब असताना हे कुणालाच नको असतं. म्हणजे अपयश मान्य करण्याची किंमत मोजायची ती मंत्रालयाने, आणि अपयश जाहीर करण्याचं कामही मंत्रालयाच्याच माणसाचं. ‘ठीक आहे, सुधारतंय’ असा शेरा अशा व्यवस्थेत सर्वांच्याच सोयीचा ठरतो. कंट्रोलर वाईट होते असं म्हणायची गरज नाही. त्यांना ज्या जागी बसवलं होतं तिथून खरं बोलणं महाग होतं. खरं बोलला तो माणूस निरीक्षणालयाचा, कारण त्याला ना करार सांभाळायचा होता, ना कैद्यांसाठी जागा शोधायची होती.

सरकार आत आलं तेव्हा

२० ऑगस्ट २०१८ रोजी मंत्रालयाने तुरुंगाचा ताबा घेतला, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. सरकारी सेवेतला अनुभवी गव्हर्नर, म्हणजे तुरुंगप्रमुख, आणला, तीस जादा रक्षक पाठवले, आणि कैद्यांची संख्या सुमारे तीनशेने कमी करायचं ठरवलं. दंगलीच्या वेळी तिथे साडेचौदाशेच्या आसपास कैदी होते, यावरून तीनशे हा आकडा किती मोठा ते कळेल. नंतर मुदत वाढली. १ एप्रिल २०१९ ला करार संपवल्याची घोषणा झाली, कंपनीने ९९ लाख पौंड भरायचं कबूल केलं, आणि १ जुलैपासून तुरुंग कायमचा सरकारी झाला.

यावरून ‘सरकारी झाला म्हणून सुधारला’ असं म्हणणारे घाई करतात. जादा अनुभवी माणसं आणि तीनशे कमी कैदी एवढं दिलं तर तुरुंगाला कुणाच्याही हाताखाली श्वास घेता येईल. कैदी किती पाठवायचे हे कंपनी ठरवत नव्हती. न्यायालयं पाठवत होती, सरकार जागा ठरवत होतं. कंपनीने कराराची रक्कम पाहून बोली लावली आणि माणसं टिकवली नाहीत, हा दोष तिचा. गर्दीचा दोष सरकारचा. ताबा घेतल्यावर सरकारने स्वतःला जी सवलत दिली, ती आधी देता आली असती तर ती कैद्यांच्या उपयोगी पडली असती, मग पाटीवर नाव कुणाचंही असो.

लिव्हरपूलचे दोन तुरुंग

बर्मिंगहॅमवरून खासगीचा निकाल लावायचा तर त्याच काळातला लिव्हरपूल शहराचा दाखला बाजूला सारता येत नाही. तिथला जुना सरकारी तुरुंग सप्टेंबर २०१७ मध्ये निरीक्षकांनी पाहिला. आजवर पाहिलेल्या सर्वांत वाईट अवस्थांपैकी ही एक, असं त्यांनी नोंदवलं: फुटक्या खिडक्या, उंदीर, वर्षानुवर्षं न झालेली दुरुस्ती. त्याच शहरात, त्याच न्यायालयांतून कैदी घेणारा, १९९७ सालचा ऑल्टकोर्स हा तुरुंग आहे. तो खासगी होता, आणि जीफोरएसच चालवत होती. थोड्याच आठवड्यांनी निरीक्षक तिथे गेले तेव्हा त्यांना बरंच काही चांगलं आढळलं. शिवाय अर्जंट नोटिफिकेशनची पहिली पाळी आली तीही नॉटिंगहॅमच्या सरकारी तुरुंगावर, जानेवारी २०१८ मध्ये. मग एक्सिटर, तोही सरकारी. बर्मिंगहॅमनंतर महिन्याभरात बेडफर्ड, तोही सरकारीच.

तेव्हा एकाच कंपनीचे दोन लोकल तुरुंग, एक सावरलेला आणि एक उद्ध्वस्त. फरक इमारतीचा आहेच. पण मला त्याहून मोठा वाटतो तो माणसांचा. ऑल्टकोर्सचे रक्षक पहिल्या दिवसापासून त्याच पद्धतीत तयार झाले. बर्मिंगहॅमचे रक्षक त्यांच्या इच्छेविरुद्ध, संघटनेचा विरोध डावलून, एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवले गेले. अशा वेळी ज्यांना शक्य असतं ते जातात, आणि सर्वांत आधी जातात ते जाणते. पंधरा वर्षांच्या रक्षकाच्या डोक्यात जो तुरुंग असतो तो करारनाम्यासोबत हस्तांतरित होत नाही. जुना, चालता, गजबजलेला लोकल तुरुंग ठेक्यावर देणं ही म्हणूनच मला मुळातली चूक वाटते, आणि ती चूक मंत्रालयाची होती.

खासगी तुरुंग मुळातच नकोत असं म्हणणाऱ्यांचा आधार वेगळा आहे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने देशातला पहिला खासगी तुरुंग सुरू होण्याआधीच घटनाबाह्य ठरवला. अध्यक्ष डोरिट बेनिश यांच्या निकालाचा गाभा असा: माणसाला डांबून ठेवण्याची सत्ता नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती गेली की तुरुंग बरा चालला तरी कैद्याच्या स्वातंत्र्यावर आणि प्रतिष्ठेवर जादा आघात होतो. हा विचार मला पटतो. पण लिव्हरपूलच्या फुटक्या खिडकीशी रात्र काढणाऱ्याला तो पुरेसा नाही. त्याला डांबणारं सरकारच होतं.

त्यानंतर

बर्मिंगहॅमनंतर ब्रिटनने खासगी तुरुंग थांबवले नाहीत. वेलिंगबरोचा नवा तुरुंग, फाइव्ह वेल्स, २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो चालवायला जीफोरएसचीच निवड झाली. तो नव्या बांधणीचा आणि शिक्षा झालेल्या कैद्यांसाठीचा, म्हणजे विन्सन ग्रीनपेक्षा खूप सोपा. चालता सरकारी तुरुंग खासगी हाती देण्याचा प्रयोग २०१३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये आणखी एकदा झाला, त्यानंतर नाही.

कंट्रोलरचं पद मात्र मंत्रालयाच्याच हाताखाली राहिलं. माझ्या मते निदान एवढं तरी व्हायला हवं: कंट्रोलरचा दर महिन्याचा अहवाल मंत्रालयाबरोबरच निरीक्षणालयाकडे आणि त्या तुरुंगाच्या देखरेख मंडळाकडे त्याच दिवशी जावा, आणि व्यापारी गुपित म्हणून त्यातली एकही ओळ झाकता येऊ नये. ज्या मंडळाने दंगलीच्या आधी इशारा दिला होता, त्याच्या प्रत्येक इशाऱ्याला ठरलेल्या मुदतीत जाहीर उत्तर देणं मंत्र्यावर बंधनकारक असावं, जसं मुख्य निरीक्षकाच्या पत्राला आता आहे. आणि हे दोन्ही नियम सरकारी तुरुंगांनाही तसेच लागू असावेत.